मुदतीचा धडा : विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धा आणि आपण व्यापारी

व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलाच्या कानी 'मुदत' हा शब्द बहुधा अक्षरओळखीपूर्वीच पडतो. हुंडीची मुदत, उधारीची मुदत, दिवाळीपूर्वी खाती मिटविण्याची मुदत, मृग नक्षत्र लागण्याच्या आत बियाणे आणि ताडपत्री दुकानात येऊन पडण्याची मुदत. आपला सारा व्यवहार या एका शब्दाभोवती फिरत असतो. तीच गोष्ट धर्माचरणाची. सामायिक दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. चौविहार सूर्यास्ताबरोबर. पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींनाही चातुर्मासाच्या स्थानी ठरल्या तिथीच्या आत पोहोचावे लागते, आणि म्हणून वाटेतील मुक्काम मागे मोजत ठरवावे लागतात. असे असता, आपल्याच घरातील मुले हल्ली ज्या एका नव्या मुदतीने झपाटलेली दिसतात, तिची ओळख आपणांस फारशी नसावी, हे थोडे नवलाचे आहे. ही मुदत म्हणजे यंत्रमानव-स्पर्धेसाठी यंत्र बांधून पुरे करण्याची मुदत. प्रस्तुत लेखात तिचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. स्पर्धा म्हणजे काय?

प्रथम विषयाचे स्वरूप पाहू. यंत्रमानव-स्पर्धेत विद्यार्थ्यांच्या संघांना एक खेळ नेमून दिला जातो. चेंडू उचलून टोपलीत टाकणे, ठोकळे रचणे, दोरीवरून किंवा खांबांवरून मार्ग काढणे, असा काही तरी हा खेळ असतो. तो माणसाने खेळावयाचा नसतो. विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेल्या, कापलेल्या, जोडलेल्या आणि आज्ञावली लिहून चालविलेल्या यंत्राने खेळावयाचा असतो. खेळ दरवर्षी बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचे यंत्र यंदा जसेच्या तसे चालत नाही. खेळ जाहीर झाल्यापासून मैदानात उतरेपर्यंतचा जो काळ, तोच बांधणीचा हंगाम. शेतकऱ्याला जसा पेरणीचा वाफसा, तसा विद्यार्थ्याला हा हंगाम. एकदा गेला की पुढील वर्षापर्यंत वाट पाहणे आले.

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची 'रोबोकॉन' ही स्पर्धा २००२ साली टोकियो येथे सुरू झाली. पहिल्याच वर्षी व्हिएतनामच्या हो चि मिन्ह शहरातील तंत्र विद्यापीठाने ती जिंकली. प्रत्येक देशातून एक संघ, आणि यजमान देशाचे मात्र दोन, अशी तिची रीत. आपल्या देशातील निवडीची स्पर्धा दूरदर्शनने भरविली आणि पुढे कित्येक वर्षे ती पुण्यातील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपदही पुण्याने दोनदा भूषविले, २००८ साली आणि २०१४ साली. २००८ चा विषय तर आपल्या दहीहंडीचाच होता. त्याचे नावच 'गोविंदा', आणि यंत्रांनी टांगलेल्या मडक्यांतील लोणी काढावयाचे. २०१४ चा विषय पालकत्वास वंदन हा होता. एक यंत्र पालक आणि दुसरे बालक. पालक-यंत्राने बालक-यंत्रास उचलून झोपाळा, सीसॉ, खांब आणि शिडीचा मनोरा अशा बागेतील खेळांपाशी न्यावयाचे. ज्या मुलांच्या आईबापांना ही यंत्रे म्हणजे निव्वळ खेळणी वाटत होती, त्यांनी तो विषय पाहावयास हवा होता.

रोबोकॉनचा प्रत्यक्ष सामना अवघ्या ३ मिनिटांचा आणि त्यापूर्वी मांडामांडीस १ मिनिट. ३ मिनिटांसाठी अनेक महिन्यांचे श्रम! परंतु यात हसण्यासारखे काही नाही. मुलाच्या लग्नातील मंगलाष्टकेही काही मिनिटांतच आटोपतात. तयारी मात्र वर्षभर चालते.

आपल्या जोडशहरातही या विद्येला उत्तम भूमी आहे. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला हुबळीचा रेल्वे कारखाना, १९४७ साली स्थापन झालेले आणि २०१५ पासून केएलई तंत्रविज्ञान विद्यापीठ झालेले विद्यानगरातील बी.व्ही.बी. महाविद्यालय, १९७९ पासून धारवाड येथे चालू असलेले श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि २०१६ साली सुरू झालेली आयआयटी धारवाड, ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्यापासून सहावी-सातवीची मुलेही मोटारी आणि संवेदक हाताळू लागली आहेत. तेव्हा हा विषय दूरचा नव्हे. तो आपल्या ओसरीपर्यंत आला आहे.

२. मुदतींचे प्रकार

हुंडीत जशी दर्शनी आणि मुदती असे भेद, तसे या स्पर्धांतील मुदतींतही भेद आहेत.

पहिला प्रकार टप्प्याटप्प्याच्या मुदतीचा. मुंबईच्या आयआयटीने २०१२ पासून चालविलेली 'ई-यंत्र' स्पर्धा या जातीची. तीत सारे काम एकदम न देता तुकड्यांनी दिले जाते आणि प्रत्येक तुकड्याची तारीख ठरलेली असते. हप्ता चुकला की पत गेली. नवशिक्यांस हा प्रकार उपकारक, कारण आळस फार काळ लपून राहत नाही.

दुसरा प्रकार लांब मुदतीचा. रोबोकॉनमध्ये विषय फार आधी कळतो. परंतु लांब मुदत ही गोड दिसणारी उधारी आहे. पहिले महिने चर्चेत जातात आणि व्याज शेवटच्या पंधरवड्यात एकदम भरावे लागते.

तिसरा प्रकार अगदी अल्प मुदतीचा. जागतिक रोबो ऑलिंपियाडमध्ये अनेक वर्षे असा नियम होता, की लहान मुलांनी आपले यंत्र सुटे करून आणावे आणि स्पर्धेच्या जागीच, कागदावरील आराखडा न पाहता, ठरल्या वेळात पुन्हा जोडावे. यात मुलाने शिकलेले खरोखर त्याच्या हातात आहे की वडिलांच्या, हे तत्काळ कळून येते.

चौथा प्रकार मोहोरबंद मुदतीचा. याची हकीकत सर्वांत बोधप्रद असल्याने तिजविषयी थोडे सविस्तर लिहितो.

३. मोहोरबंद यंत्राची कथा

अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' नावाची संस्था स्थापिली. १९९२ साली न्यू हँपशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. हा उपक्रम वाढत वाढत अनेक देशांत पोहोचला; आपल्या देशातूनही संघ जाऊ लागले. यातील माध्यमिक शाळांच्या मोठ्या स्पर्धेचा नियम असा होता. जानेवारीच्या आरंभी एका शनिवारी खेळ जाहीर व्हावयाचा. त्यानंतर सुमारे सहा आठवडे बांधणी. फेब्रुवारीतील ठरल्या दिवशी मध्यरात्रीपूर्वी हात थांबवावयाचे. पूर्वी यंत्र लाकडी खोक्यात भरून वाहतुकीस द्यावे लागे. पुढे ते प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून क्रमांक असलेल्या कड्याने बंद करण्याची रीत आली. स्पर्धेच्या जागी ते कडे तपासूनच पिशवी उघडावयाची. वेगळे घडविलेले काही सुटे भाग तेवढे सोबत आणण्यास मुभा असे. शेवटच्या वर्षांत ही मर्यादा ३० पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो होती.

या नियमामागील हेतू स्तुत्य होता. सर्वांना सारखा वेळ मिळावा, आणि मुलांना व त्यांच्या शिक्षकांना केव्हा तरी घरी जाऊन झोपता यावे. परंतु व्यवहारात काय घडले? ज्या संघांपाशी पैसा होता, त्यांनी एकाऐवजी दोन यंत्रे बांधण्यास आरंभ केला. एक पिशवीत बंद; त्याचेच जुळे भावंड कार्यशाळेत मोकळे. त्यावर सराव चाले, दोष शोधले जात, सुधारलेले भाग तयार होत आणि मुभेच्या वजनात बसवून स्पर्धेस नेले जात. ज्यांच्यापाशी एकाच यंत्रापुरता पैसा, त्यांनी मात्र आपले यंत्र बंद करून हात जोडून बसावे. समतेसाठी केलेला नियम श्रीमंतांच्या सोयीचा ठरला. व्यापारात असे पुष्कळदा घडते. लहान दुकानदाराच्या रक्षणासाठी केलेल्या नियमातून मोठ्या पेढीची वाट निघते आणि लहान दुकानदार नियम पाळीत बसतो.

या प्रश्नावर अनेक वर्षे वाद झाला. एक पक्ष म्हणे, पिशवी काढून टाका, म्हणजे गरीब संघालाही आपल्या एकुलत्या एका यंत्रावर शेवटपर्यंत काम करता येईल. दुसरा पक्ष म्हणे, पिशवी गेली तर विश्रांतीही गेली; सहा आठवड्यांचा जागर तीन महिन्यांचा होईल, आणि स्वेच्छेने शिकविणारे लोक थकून निघून जातील. अनेकांताचा संस्कार असलेल्या आपणांस दोन्ही पक्षांत सत्याचा अंश दिसेल. अखेर संस्थेने २०१८ साली निर्णय जाहीर केला आणि २०२० च्या हंगामापासून बांधणी थांबविण्याचा दिवस रद्द झाला. दैवयोग असा, की त्याच वर्षी मार्च महिन्यात महामारीमुळे स्पर्धाच स्थगित झाल्या आणि पुष्कळ संघांची यंत्रे मैदान न पाहताच राहिली.

यातून निघणारे तत्त्व असे : बाहेरून घातलेली मुदत गेली, म्हणजे मुदतीची गरज गेली असे नाही. ती आता स्वतःच स्वतःस घालून घ्यावी लागते. कोतवालाच्या भयाने पाळलेला नियम आणि गुरूंसमोर घेतलेले पच्चक्खाण यांत जो फरक, तोच येथे आहे.

४. बेचाळीस दिवसांचा हिशेब

आता व्यापाऱ्याच्या पद्धतीने जमाखर्च मांडून पाहू. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. त्यांची एक सर्वसाधारण वाटणी अशी करता येईल. नियम वाचून खेळाची युक्ती ठरविणे, ४ दिवस. लाकूड-पुठ्ठ्याचे कच्चे नमुने करून पाहणे, ७ दिवस. आराखडा काढणे आणि मालाची मागणी नोंदविणे, ४ दिवस. भाग येणे आणि लेथवर घडविणे, ९ दिवस. जोडणी, ६ दिवस. तारा आणि आज्ञावली, ४ दिवस. सराव आणि दुरुस्ती, ८ दिवस. एकूण ४२.

या हिशेबात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. उशीर कोठेही होवो, तो वसूल मात्र शेवटच्या रकमेतून होतो. चर्चा लांबली, माल उशिरा आला, एखादा दांडा वाकडा निघाला, तरी स्पर्धेची तारीख हलत नाही. म्हणून कात्री लागते ती सरावाला. आणि यंत्र चालविणारा मुलगा जर ते प्रथमच मैदानात चालवीत असेल, तर उत्तम यंत्रही भिंतीवर आदळते. म्हणून अनुभवी संघ मुदत मागून मोजतात. आधी सरावाचे दिवस बाजूला काढून कुलपात ठेवतात आणि उरलेल्या दिवसांत बाकीचे काम बसवितात. नफा शेवटी उरेल तेवढा, असे न म्हणता आधीच बाजूला काढणाऱ्या चतुर पेढीसारखेच हे आहे.

दुसरी गोष्ट अशी, की मुदत ही निवड शिकविते. वेळ अमर्याद असता तर प्रत्येक संघाने चेंडू टाकणारे, चढणारे, ढकलणारे असे सर्वगुणसंपन्न यंत्र बांधू पाहिले असते. ४२ दिवसांत ते होत नाही. म्हणून पहिल्या चार दिवसांत 'आपण काय करणार नाही' हे ठरवावे लागते. एकच काम करणारे परंतु दहांपैकी नऊ वेळा बिनचूक करणारे यंत्र, चार कामे अर्धवट करणाऱ्या यंत्रास बहुधा भारी पडते. परिग्रहाची मर्यादा आखणे हे व्रत श्रावकास सांगितले आहे. तिचा लाभ कार्यशाळेतही होतो.

५. आमच्या दुकानातील एक प्रसंग

येथवर मुलांचे कर्तव्य सांगितले. आता आपले. हा प्रसंग आमच्या स्वतःच्या दुकानातला असल्याने सांगण्यास संकोच वाटतो, परंतु तो वगळला तर हा लेख अपुरा राहील.

काही वर्षांपूर्वी, २ जानेवारीस, येथील एका महाविद्यालयातील तीन विद्यार्थी आमच्या दुकानी आले. त्यांना बेअरिंगे आणि साखळीची दोन दंतचक्रे विशिष्ट मापाची हवी होती. माल शिलकीत नव्हता. "पाच तारखेपर्यंत नक्की मिळेल," असे आम्ही सांगितले. त्यांनी वहीत तारीख लिहून घेतली आणि ते निघून गेले. मागणी होती काही शेकड्यांची. तेवढ्यासाठी वेगळे पार्सल मागविण्यापेक्षा एका कारखान्याच्या मोठ्या मालाबरोबर मागवू, भाडे वाचेल, असा विचार आम्ही केला. तो मोठा माल रखडला. मुले ६ तारखेस आली, ८ तारखेस आली, ११ तारखेस आली. दर वेळी आम्ही "उद्या" म्हटले. माल १४ तारखेस सायंकाळी आला, म्हणजे नऊ दिवस उशिरा.

त्यांना १८ तारखेच्या रात्रीपर्यंत चालत्या यंत्राची चित्रफीत पाठवावयाची होती, हे आम्हांस नंतर कळले. जोडणीस चार दिवस आणि सरावास आठ दिवस, असे त्यांनी योजिले होते. जोडणीचे चार दिवस कसेबसे मिळाले. सरावाचा एकही नाही. १८ तारखेस रात्री यंत्र प्रथमच पुऱ्या मार्गावर चालले आणि दुसऱ्या वळणावर साखळी उतरली. तीच चित्रफीत त्यांनी पाठविली. त्यांचा संघ पुढील फेरीत गेला नाही.

त्यांनी आमच्याकडे तक्रार केली नाही. बिलाची मुदत पंधरा दिवसांची होती. २९ तारखेस सकाळी दुकान उघडताच त्यांपैकी एक मुलगा आला, पूर्ण रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि नमस्कार करून गेला. आमच्या तिजोरीत ती रक्कम जमा झाली. परंतु त्या दिवशी खात्यावर कोण बाकीदार राहिला, हे आम्हांस पुरते कळले. हुंडी वेळेवर न पटणे म्हणजे अब्रू जाणे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग वीस वर्षांच्या मुलाला दिलेली तारीख ही हुंडी नव्हे काय? रक्कम लहान होती म्हणून वचन लहान होत नाही. 'उद्या' या शब्दाने आम्ही असत्य भाषणच केले; फरक एवढाच की त्याची आम्हांस सवय झाली होती.

त्या दिवसापासून आमच्या दुकानी एक नियम झाला. विद्यार्थी मागणी घेऊन आला की प्रथम विचारावयाचे, "तुमची शेवटची तारीख कोणती?" ती मागणीवर लाल शाईने लिहावयाची, आणि त्या तारखेस माल देणे शक्य नसेल तर तेव्हाच नाही म्हणावयाचे. स्पष्ट नकाराने मुलाचा अर्धा दिवस जातो. तो दुसरे दुकान शोधतो. खोट्या होकाराने त्याचे वर्ष जाते.

६. सभासदांस आणि कुटुंबांस काही सूचना

आता थोडक्यात, घरोघर उपयोगी पडतील अशा चार गोष्टी.

पहिली. बांधणीच्या हंगामात मुलगा किंवा मुलगी उशिरापर्यंत कार्यशाळेत राहते म्हणून लगेच रागावू नये. मात्र मुदतीचा तक्ता दाखविण्यास सांगावे. तक्ता नसेल तर जागरण हे उद्योगाचे नव्हे, अव्यवस्थेचे लक्षण समजावे.

दुसरी. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या मुलांचा पुष्कळदा उपवास घडतो, कारण त्या वेळी काम ऐन रंगात असते. आयाबहिणींनी डबा पाच-साडेपाचपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था करावी. एकाच संघात आपल्या समाजाची दोन-तीन मुले असतील तर घरांनी पाळी लावावी. उपाशी हाताने केलेली तारजोडणी दुसऱ्या दिवशी उकलावी लागते.

तिसरी. गोकुळ रोड आणि तारिहाळ भागात ज्यांचे कारखाने आहेत, त्यांनी हंगामात आठवड्यातून काही तास एखादा लेथ किंवा कापणीचे यंत्र विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावे, आणि जुना कारागीर जवळ उभा करावा. रोख देणगीपेक्षा हे दान पुष्कळदा अधिक फळते. कारण संघापाशी पैसा कमी पडतो हे खरे, पण दिवस त्याहून कमी पडतात.

चौथी. मुलगा हरून आला तर "इतका खर्च करून काय मिळविले?" असे विचारू नये. त्याऐवजी विचारावे, "कोणता दिवस चुकला?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्यास देता येते, त्याच्या हाती पुढे पेढीच्या किल्ल्या निर्धास्त देता येतील.

७. उपसंहार

मुदत ही शत्रू नव्हे. नदीला काठ असतात म्हणून ती नदी. एरवी ती दलदल झाली असती. परंतु काठ कोणाच्या शेतावर चढतो, हेही पाहावे लागते. मोहोरबंद पिशवीची कथा तेच सांगते. मुदत घालताना ती दुर्बळास जाचक होत नाही ना, हे पाहावे. ती पाळताना शेवटून मोजावे. आणि दुसऱ्याची मुदत आपल्या हाती असेल, तर ती आपल्या हुंडीइतकीच पवित्र मानावी.

यंदाच्या हंगामात आपल्यापैकी कोणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर एक मुलगा हातात मापाचा कागद घेऊन उभा राहील. त्याला भाव सांगण्यापूर्वी तारीख विचारावी, एवढीच या लेखाची सर्व सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र!